दगडातली चीर वाचायची कशी: साधी भेग कुठली, फॉल्ट कुठला, आणि ती वाढत कशी गेली

मागच्या एप्रिलात सिन्नरकडच्या मामाच्या मळ्यातली विहीर पार तळाला गेली, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यात उतरले. कमरेला दोर, वर धरायला दोघंजण, हातात टेप आणि मोबाईल. विहीर ४५ फुटांची. वर सात-आठ फूट माती आणि मुरूम, मग मांजऱ्या (बुडबुड्यांच्या भोकांचा मऊसर दगड), मग काळा पाषाण, आणि पाषाणाच्या खाली हातभर जाडीचा लाल गेरूचा पट्टा. पाषाणात उभ्या चिराच चिरा, आणि जवळपास प्रत्येक चीर गेरूपाशी येऊन थांबलेली. मी अर्धा तास नुसती त्या भिंतीकडे बघत होते.

त्याच्या आधीच्या वर्षी मामाने दोन बोअर मारले होते, एक तर ३०० फूट, दोन्हीत नुसता फुफाटा उडाला. जागा दाखवणाऱ्याने समोरच्या टेकडीच्या कड्यातली लांबलचक उभी चीर दाखवून सांगितलं होतं की हा फॉल्ट आहे, तो सरळ तुमच्या वावरातनं जातो, खाली पाणीच पाणी. मामाने कर्ज काढून बोअर मारले. ती चीर फॉल्ट नव्हतीच, आणि हे ओळखायला कुठलंही मशीन लागत नाही, कड्यासमोर थोडा वेळ नीट उभं राहावं लागतं एवढंच. ते कसं करायचं ते सांगते, आणि चीर मुळात वाढते कशी ते पण, कारण वाढ समजली की ओळखणं आपोआप येतं.

आधी दोघींतला फरक

दगड फुटल्यावर दोन्ही बाजू एकमेकींपासून फक्त लांब सरकल्या, म्हणजे नुसती फट पडली, तर तो जॉइंट, आपली साधी भेग. दोन्ही बाजू एकमेकींना घासून वर-खाली किंवा आडव्या सरकल्या तर तो फॉल्ट. शाळेच्या भूगोलात याला प्रस्तरभंग म्हणायचे, भ्रंश पण म्हणतात. म्हणजे प्रश्न एकच विचारायचा, सरकलंय का? भेग किती लांब, किती रुंद, किती भयानक दिसते, त्यावरनं काहीच ठरत नाही.

सरकलंय का ते कळायला भेगेला आडवी जाणारी एखादी खूण लागते, आणि इथे नाशिकवाल्यांचं नशीब चांगलं आहे. आपले सगळे डोंगर म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थरावर थर साचलेला लाव्हा. चांदवडकडनं सातमाळा रांग बघा, वहीची पानं रचावीत तसे आडवे पट्टे दिसतात. एक पट्टा डोळ्यांनी पकडायचा, डावीकडून उजवीकडे जायचं आणि चिरेपाशी आल्यावर बघायचं की पलीकडे तो त्याच उंचीवर आहे का. तसाच पुढे गेला तर जॉइंट. एकदम वर किंवा खाली गेला, आणि त्याच्या वरचे-खालचे पट्टे पण तेवढेच हलले, तर फॉल्ट असू शकतो. हे "वरचे-खालचे पण" फार महत्त्वाचं आहे, कारण लाव्ह्याचा एखादा थर तसाही मधेच निमुळता होऊन संपतो, आणि कधी डोंगराचा तुकडा दरड म्हणून खाली घसरून बसलेला असतो. एकाच पट्ट्यावर विसंबून निकाल द्यायचा नाही. मामाच्या समोरच्या टेकडीवर चार पट्टे आहेत, चारही त्या चिरेतनं जराही न हलता पार जातात.

आपल्याकडच्या बहुतेक भेगा आल्या कुठून

लाव्हा बाहेर आला तेव्हा साधारण ११०० अंशांच्या पुढे तापलेला होता, मग थंड होताना आकसला, पण खालच्या थराला चिकटलेला असल्यामुळे त्याला मोकळेपणी आकसता येईना, म्हणून तो तडकला. वरून आणि खालून, जिथून थंडावा आत शिरत होता तिथून, तडे आत आत गेले. सगळं सावकाश आणि सारखं झालं असेल तर पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्याचीच मोठी, साठेक मीटर उंच गोष्ट. सावकाश थंड झालं तर खांब जाडे, पटकन थंड झालं तर बारीक.

खांबांच्या अंगावर हात फिरवून बघा. बऱ्याचदा आडव्या पट्ट्या लागतात, बोटभर ते वीतभर रुंदीच्या. ती एकेक पट्टी म्हणजे तड्याने एका दमात गाठलेला पल्ला. तडा थोडा पुढे जायचा, गरम मऊ दगड लागला की थांबायचा, तेवढा भाग गार आणि कडक झाला की परत पुढे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची ती थांबत थांबत झालेली वाढ आजही हाताला लागते, मला प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

घरी बघायचं असेल तर कॉर्नफ्लॉवर आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं घेऊन वाटीत जाडसर थर ओता आणि बल्बखाली काही दिवस ठेवा. घाई करायची नाही. पूर्ण वाळल्यावर वडी अलगद मोडली की आत बारीक बारीक खांब दिसतात. तिथे उष्णतेऐवजी पाणी निघून जातं, आकसणं तेच.

भेग पुढे का जाते आणि थांबते का

चिवड्याचं पाकीट आठवा. कडेला खाच नसेल तर दोन्ही हातांनी ओढून पण फाटत नाही, आणि दाताने जरासा चावा घेतला की सर्रकन फाटतं. ताकद तीच, पण आता ती सगळी त्या बारीकशा टोकावर येऊन गोळा होते. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली काचेवर काम करून हेच दाखवलं की पदार्थात आधीपासून असलेल्या बारीक दोषांपासनं तुटणं सुरू होतं, आणि भेग जितकी लांब तितकी तिला पुढे जायला कमी ताकद पुरते. दगडात असे दोष ढिगाने असतात, स्फटिकांच्या कडा, हवेचे बुडबुडे, जुन्या बारीक चिरा.

म्हणून माझा पहिला नियम असा की भेगेच्या मधोमध बघत बसू नका, तिचं टोक शोधा. सगळी हकीकत टोकाशी असते. टोक कशाला लागून थांबलंय? समोर दुसरी भेग आडवी असेल आणि ही तिला जाऊन टेकली असेल, म्हणजे इंग्रजी टी सारखा आकार झाला असेल, तर आडवी ती आधीची आणि टेकणारी नंतरची, कारण उघड्या फटीच्या पलीकडे ताण पोचतच नाही. टोक मऊ थरात संपलं असेल, जसं मामाच्या विहिरीत गेरूपाशी, तर मऊ थराने ताण पिऊन टाकला. आणि टोक कशालाच न लागता दगडातच बारीक होत विरलं असेल तर तिथे ताणच संपला.

भेगेचा एखादा पापुद्रा सुटून आतला चेहरा उघडा पडला असेल तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, भर दुपारी काही दिसत नाही. बारीक दाण्याच्या खडकात मोराच्या पिसासारखी नक्षी दिसते. पिसाचा देठ जिथनं निघतो तिथे भेग जन्मली, आणि पिसाचे केस ज्या बाजूला फाकत जातात तिकडे ती धावली. अशी नक्षी जॉइंटवर मिळते, म्हणजे नुसतं उघडून फुटलेल्या भेगेवर, घासलेल्या फॉल्टवर ती शिल्लक राहत नाही.

डाईक ही पण मुळात उघडलेली भेगच, फक्त खालून आलेला लाव्हा तिच्यात भरून थिजला. धोडप किल्ल्याच्या माथ्याजवळची ती मधे खाच असलेली भिंत बघितली असेल तर तो डाईक. डाईकमधले खांब बऱ्याचदा आडवे पडलेले असतात, मोळीतल्या लाकडांसारखे, कारण थंडावा दोन्ही बाजूंच्या भिंतींतून आत शिरला.

आणि फॉल्ट?

फॉल्ट एका झटक्यात अखंड सुरीसारखा कापत जातो असं आपल्याला वाटतं, तसं नसतं. खोलवर दगड चारही बाजूंनी दाबलेला असतो, त्यात भेग उघडायला जागाच नसते. प्रयोगशाळेत दगडाच्या गोल ठोकळ्यावर दाब वाढवत नेला की आधी आत जागोजाग केसासारखे तडे पडतात, ज्या दिशेने दाबतोय त्याच दिशेला समांतर, आणि त्यांचे बारीक टकटक आवाज यंत्राने टिपता येतात. सुरुवातीला ते आवाज कुठूनही येतात. मग एका ठिकाणी गर्दी व्हायला लागते, शेजारशेजारचे तडे एकमेकांना जोडले जातात, आणि दाबाच्या दिशेशी साधारण ३० अंशांनी तिरकी एक कमकुवत पट्टी तयार होते. त्या पट्टीवरनं दगड सरकतो. तो फॉल्ट.

हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. सगळ्यात जास्त दाब वरून असेल, म्हणजे जमीन बाजूला ताणली जातेय, तर फॉल्ट उभट येतो, जमिनीशी ६० अंशांच्या आसपास, आणि वरचा ठोकळा खाली घसरतो. खचदरी अशीच होते. जास्त दाब बाजूने असेल तर फॉल्ट लवलेला, ३० अंशांच्या आसपास, आणि वरचा ठोकळा वर चढतो. जास्त आणि कमी दोन्ही दाब आडवे असतील तर फॉल्ट जवळपास उभा आणि सरकणं आडवं.

पण आपल्या बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडात, एक भानगड आहे. त्यात थंड होतानाचे जॉइंट आधीच उभे आहेत, त्यामुळे फॉल्टला नवीन दगड फोडायची फारशी गरजच पडत नाही, तो जुने जॉइंट वापरत वापरत, मधले पूल तोडत पुढे जातो. म्हणून बसाल्टमधला फॉल्ट सरळ रेषेत क्वचित दिसतो, पायरी-पायरीने वेडावाकडा जातो. जुना जॉइंट सरकायला लागला की त्याच्या दोन्ही टोकांना तिरक्या छोट्या भेगा फुटतात, एका टोकाला एका बाजूला, दुसऱ्याला विरुद्ध बाजूला. अशा फाटे फुटलेल्या भेगा दिसल्या की समजा, हा साधा जॉइंट राहिलेला नाही.

वाढायचा क्रम बघा. आधी सुटे सुटे छोटे फॉल्ट. प्रत्येकाचं सरकणं मधोमध सगळ्यात जास्त आणि टोकाकडे कमी होत होत शून्य. दोघांची टोकं जवळ आली की मधल्या दगडावर दोन्हीकडून ताण, तो वाकतो, मग त्याच्यात आडव्या भेगा पडतात आणि एक दिवस दोघं जोडले जाऊन एक लांब फॉल्ट होतो. सरकणं आणि लांबी यांचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी साधारण शंभरास एक असतं, म्हणजे एक मीटर सरकायला फॉल्ट शंभरेक मीटर लांब असायला हवा. दहापट इकडेतिकडे होतं, तरी अंदाजाला बरं. तुम्हाला कड्यात पट्टा दोन मीटर सरकलेला दिसला आणि चीर मात्र पाच-दहा मीटरच लांब आहे, तर कुठेतरी बघण्यात चूक आहे, बहुतेक ती घसरलेली दरड आहे.

शाडूवर करून बघा

हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही, मला पण नव्हतं बसलं. गणपतीनंतर शाडू उरतोच घरी. दोन पुठ्ठे किंवा प्लायवूडचे तुकडे कडेला कड लावून ठेवा, वर दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा ओला शाडू सपाट थापा, वरचा भाग पाण्याच्या हाताने गुळगुळीत करा. जोडाला आडव्या अशा रांगोळीच्या तीन-चार सरळ रेघा काढा आणि बांगडी दाबून एक-दोन गोल उमटवा. आता एक पुठ्ठा धरून दुसरा जोडाच्या रेषेतच अगदी हळू सरकवा, मिलीमीटर-मिलीमीटर, दर दोन मिलीमीटरला वरून फोटो.

आधी काहीच फुटत नाही, फक्त बांगडीचा गोल लांबट होतो. मग जोडाच्या वर तिरक्या छोट्या चिरांची रांग उठते, मुख्य दिशेशी साधारण १५ अंशांनी. खाली सरळ एकच जोड आहे आणि वर तिरक्या चिरा, हे पहिल्यांदा बघितलं की माणूस चकित होतो. रीडेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९२९ साली चिकणमातीवर हेच केलं होतं. अजून सरकवलं की त्या चिरांना जोडणाऱ्या दुसऱ्या चिरा येतात, आणि शेवटी सगळं मिळून एक सलग वेडीवाकडी रेघ. फोटो उलट्या क्रमाने बघा, मग लक्षात येतं की शेवटच्या रेघेतले सगळे बाक म्हणजे आधीच्या तिरक्या चिरांच्या जागा.

शाडू फार ओला झाला तर तो नुसता वाहतो, फार सुका झाला तर ढेकळं निघतात, पुरणाइतका मऊ ठेवा.

दुसरा प्रयोग मिठाईच्या पारदर्शक डब्यात. बारीक कोरडी वाळू आणि रंगीत रांगोळी यांचे एकाआड एक थर, मधे उभा पुठ्ठा. पुठ्ठा वाळूकडे ढकलला की लवलेले फॉल्ट, मागे ओढला की उभट. डब्याच्या बाजूने बघायचं.

प्रत्यक्ष डोंगरावर

सुरुवातीला सोमेश्वर धबधब्याजवळचा गोदावरीचा खडक उन्हाळ्यात, पाणी नसताना, छान आहे. सपाट कातळ, भेगा वरून दिसतात, कुठली कुणाला टेकते ते वाचायला सोपं. त्र्यंबककडे ब्रह्मगिरी, अंजनेरी, नाहीतर हरिहरचे उभे कडे बघताना दुर्बीण घ्या. पांडवलेणीला जरूर जा, २४ लेणी एकाच डोंगरात कोरलेली आहेत आणि कोरलेल्या गुळगुळीत भिंतींवर भेगा आरशासारख्या वाचता येतात, पण तिथे हातोडी, खडू, ओरखडा काही म्हणजे काही नको, फक्त डोळे आणि फोटो. समृद्धी महामार्गालगतच्या ताज्या कापलेल्या भिंती कितीही ओढ लावोत, तिथे गाडी थांबवू नका.

जवळ गेल्यावर बघायचं ते हे. चिरेच्या भिंतीवर एकाच दिशेचे ओरखडे आहेत का, घासून गुळगुळीत झालंय का. खनिजाचे छोटे पायरीसारखे थर बसलेले असतील तर तळवा फिरवा, ज्या दिशेला हात अडखळत नाही त्या दिशेला समोरचा, आता नसलेला ठोकळा गेला. आत दगडाचा चुरा, टोकेरी तुकडे, मऊ भुकटी आहे का. फॉल्टच्या मधे असा चुऱ्याचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना भेगांची गर्दी असते, ती लांब जावं तशी विरळ होते. टेप जमिनीवर ताणून दर मीटरला किती भेगा टेपला कापतात ते मोजा. फॉल्टकडे जाताना आकडा वाढत जायला हवा. साध्या जॉइंटच्या आजूबाजूला तसा वाढत नाही.

दिशा घ्यायला मोबाईलचा होकायंत्र चालतो, पण बसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं, फोन दगडाला टेकवलात की काटा भरकटतो. चार पावलं मागे या, भेगेच्या रेषेत उभे राहा आणि मग वाचा, दोन-तीन ठिकाणांहून. उतार मात्र दगडावर वही ठेवून तिच्यावर फोन टेकवून मोजलात तरी हरकत नाही.

कांद्याच्या पापुद्र्यासारखे गोल गोल सुटलेले धोंडे दिसतील रस्त्याच्या कडेला, ते फॉल्टमुळे नाहीत. जॉइंटमधनं पाणी शिरून ठोकळे कोपऱ्यांकडनं कुजत गेले की असं होतं.

एक मात्र गंभीरपणे. डोंगरउतारावर मातीत कमानीसारखी वाकडी भेग पडली असेल आणि ती पावसाळ्यात रुंदावत असेल, तर ती वाचत बसायची गोष्ट नाही, खालच्या घरांना उठवा आणि तलाठ्याला, तहसीलला लगेच कळवा. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, ते विसरायचं नाही.

भूकंपाचं काय

नाशिक २०१६ च्या भूकंप नकाशात झोन तीनमध्ये आहे, म्हणून जरा जमीन हलली की कड्यातल्या भेगांचे फोटो फिरायला लागतात. पण ज्या फॉल्टवर मोठे भूकंप होतात तो बहुतेक वेळा बसाल्टच्या खालच्या जुन्या खडकात, काही किलोमीटर खोल असतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला हादरा बसला, तिथे बसाल्टचा थर जेमतेम ३४० मीटरचा, आणि त्याखालचा लवलेला फॉल्ट आधी वरून कुणालाच माहीत नव्हता. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर जमिनीवर तिरक्या भेगांची रांग उमटली होती, शाडूवर दिसते तशीच, कारण खाली आडवं सरकणं झालं होतं. धरणाचं पाणी भेगांमध्ये शिरून आतला दाब वाढवतं, फॉल्टच्या दोन्ही बाजू एकमेकींना जेवढ्या घट्ट चिकटून असतात तेवढ्या राहत नाहीत, आणि आधीच ताणलेला फॉल्ट सुटतो. हे तिथेच समजून घ्यायला कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेतला गेला, तिथे बसाल्टच सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला.

परत विहिरीत

मामाच्या विहिरीत मी टेप धरून चारही भिंती मोजल्या. पूर्वेच्या भिंतीत मीटरला दोन-तीन चिरा, पश्चिमेला सात-आठ, आणि त्यातल्या तीन चिरांच्या तोंडाशी पांढरट थर आणि ओल. सरकलेलं कुठेच काही नाही, गेरूचा पट्टा चारही भिंतींत एका पातळीत. म्हणजे सगळे जॉइंट, पाणी त्यांच्यातनं उतरतं आणि गेरूवर येऊन अडतं. मग उभा बोअर का फसला ते पण उलगडलं, उभ्या चिरांच्या रानात उभं भोक पाडलं तर ते दोन चिरांच्या मधल्या सलग दगडातनं तसंच खाली निघून जाऊ शकतं, एकही चीर न कापता. आडवं भोक मात्र एकेक करत सगळ्या कापत जातं.

मामा म्हणाला, "अगं, मग आडवा बोअर कुठे मारायचा ते तूच खडूने खूण करून ये." मी पश्चिमेच्या भिंतीत गेरूच्या वीतभर वर खूण केली. मे महिन्यात ६० फुटांचा आडवा बोअर झाला. पहिले दोन दिवस लालसर गढूळ पाणी आलं, तिसऱ्या दिवशी निवळ. धार करंगळीएवढीच आहे, पण रात्रभरात कांद्याच्या दोन वाफ्यांपुरतं पाणी साठतं.